जुन्या लुगड्याची गोधडी: कापड, बेत, टाका आणि मोल



या अंकातला कौशल्य-पाठ गोधडीचा आहे. “गोधडी काय शिकायची? ती तर आम्हाला येतेच,” असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी म्हणतील, आणि ते खरंही आहे. आपल्या खेड तालुक्यात गोधडी, वाकळ, बाळाचं दुपटं हे ज्या घरात कधी शिवलंच नाही असं घर सापडायचं नाही. पण घरात पांघरायची गोधडी वेगळी आणि दुसऱ्याला विकायची गोधडी वेगळी. घरची उसवली तर दुपारी बसून चार टाके घालता येतात. विकलेली उसवली तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबर आणखी चार जणंही येत नाहीत. शिवाय घरच्या गोधडीला किती तास गेले हे कुणी विचारत नाही. विकायच्या गोधडीचे तास मोजावेच लागतात. ते मोजले नाहीत तर धंदा झाला असं दिसतं, पण हातात काही उरत नाही.

म्हणून हा पाठ चार भागांत वाचा: कापड, बेत, टाका आणि मोल. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकत ऐकत आपल्या हातचं सांगावं.

आपल्याकडं गिऱ्हाईक कोण?

आधी हे बघू, कारण कापड कुठलं घ्यायचं ते गिऱ्हाइकावर ठरतं. आपल्या तालुक्याच्या एका टोकाला भीमाशंकरचा डोंगर आहे. तिथं पावसाळाभर गारवा आणि दमटपणा, हिवाळ्यात कडक थंडी. दुसऱ्या बाजूला चाकणची एमआयडीसी आणि पुढं पिंपरी-चिंचवड. तिथं गावाकडून येऊन स्थायिक झालेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्या कपाटात आईचं, आजीचं लुगडं घडी घालून ठेवलेलं असतं. नेसायचं होत नाही, टाकवत नाही आणि बोहारणीला द्यायला जीव होत नाही. अशा लुगड्याची गोधडी करून देणारी विश्वासाची बाई त्यांना हवी असते.

म्हणजे आपलं काम दोन तऱ्हेचं. एक, आपण जुनं कापड गोळा करून गोधडी शिवायची आणि प्रदर्शनात किंवा बाजारात विकायची. दोन, गिऱ्हाइकाच्याच साड्या घेऊन त्याला गोधडी करून द्यायची. दुसऱ्या कामात कापडाचा खर्च नाही, पण जबाबदारी मोठी. ते लुगडं बिघडलं तर बाजारातून दुसरं आणून देता येत नाही.

भाग १: कापड

गोधडीला जुनं सुती कापड का लागतं? शेकडो वेळा धुतल्यामुळं सुताची खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. नवं कापड घातलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. ऊब मात्र नुसत्या कापडाची नसते. दोन पदरांच्या मध्ये जी हवा अडकून राहते ती ऊब धरते. म्हणून एका जाड चादरीपेक्षा पाच पातळ पदर जास्त उबदार होतात.

कापड हातात आलं की या चार तपासण्या करा.

ताकद: साडी उजेडासमोर धरा. जिथं जाळी दिसते तिथं खडूनं खूण करा. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. ‘टर्र’ आवाज आला तर तो भाग वरच्या पदराला घेऊ नका, आतल्या पदरात चालेल. नेसूचा भाग लवकर विरतो, पदर आणि निऱ्यांचा आतला भाग बहुधा धडका असतो.

जात: सुती की टेरिकॉट हे हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि राखाडी मऊ राख राहते. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो. टेरिकॉट, नायलॉन वितळतं आणि काळा कडक मणी होतो. असलं कापड आत घातलं की गोधडी घसरते, घाम धरते आणि सुईही अडते.

रंग: पांढरं फडकं ओलं करून साडीच्या काठावर जोरात घासा. रंग उतरला तर ती साडी वेगळी धुवा. मिठाच्या पाण्यात ठेवल्यानं प्रत्येक रंग पक्का होतोच असं नाही, त्यामुळं मिठावर भरवसा ठेवू नका. तीन वेळा धुऊनही रंग जात असेल तर पांढऱ्या किंवा फिक्या कापडाशेजारी ती लावू नका.

जर: जुनं पैठणी, नारायणपेठ किंवा लग्नातला शालू आला तर आधी थांबा. जुन्या साडीची जर खरी, म्हणजे चांदीची असू शकते. गिऱ्हाइकाला सांगा, “ताई, ही आधी जाणकाराला दाखवा, मग कापू.” एक काम लांबेल, पण ती बाई तुम्हाला जन्मभर विसरणार नाही. रेशीम आणि जर घरी साबणात टाकू नका.

तपासणी झाली की सुती कापड कोमट पाण्यात साबण घालून धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि मगच कापा. न धुतलेलं कापड कधीही कापायचं नाही.

कापड मिळवायचं कुठून? आपल्या घरातून, भावकीतून, आणि बोहारणीकडून. साड्या घेऊन भांडी देणारी ती बाईसुद्धा आपल्यासारखीच कष्टाची आहे. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार हिंडून ती कापड गोळा करते. तिला सांगून ठेवा की सुती लुगडी आणि धोतरं आमच्यासाठी बाजूला काढ, आणि तिलाही योग्य पैसे द्या.

भाग २: बेत

सहावारी साडी म्हणजे १८ फूट, नऊवारी म्हणजे २७ फूट. पन्हा साधारण ४५ इंच, पण जुन्या लुगड्यांत कमी-जास्त असतो, म्हणून टेप लावूनच बघा.

एकेरी गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब धरू, म्हणजे ५ फूट आणि साडेसात फूट. साडीचे ५-५ फुटांचे तुकडे करा. असे दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूनं शेजारी-शेजारी जोडले की ४५ अधिक ४५ म्हणजे ९० इंच लांबी होते आणि ५ फूट रुंदी. म्हणजे दोन तुकड्यांचा एक पदर. कापड वाया जात नाही.

आता हिशेब बघा. नऊवारीचे पाच तुकडे निघतात आणि दोन फूट उरतं. सहावारीचे तीन तुकडे निघतात आणि तीन फूट उरतं. वरचा आणि खालचा पदर एका चांगल्या नऊवारीतून काढा, चार तुकडे लागतील. मधले तीन पदर दोन सहावारींतून काढा, सहा तुकडे लागतील. म्हणजे एक नऊवारी आणि दोन सहावारी यांत पाच पदरांची गोधडी. नऊवारीचा उरलेला एक तुकडा गोट आणि ठिगळांसाठी ठेवा. उरलेल्या तीन-तीन फुटांतून बाळाचं दुपटं होतं. साडी विरलेली असेल तर तुकडे कमी मिळतील, तेव्हा एक साडी हाताशी जास्त ठेवा.

जोडाची शिवण प्रत्येक पदराला एकाच जागी आणू नका. तिथं जाड वरवंटा तयार होतो आणि सुई मोडते. एका पदराची शिवण मधोमध असेल तर दुसऱ्याची हातभर सरकवा. शिवणीत आणि टाक्यांत कापड थोडं जातं, त्यामुळं तयार गोधडी दोन-तीन इंच कमी भरते. गिऱ्हाइकाला माप सांगताना तयार गोधडीचंच सांगा.

काठ आणि पदर हे जुन्या साडीचं सौंदर्य आहे. आजीच्या इरकलीचा काठ ज्यांना ओळखू येतो त्यांच्यासाठी तो काठ म्हणजेच आजी. म्हणून काठ आत दडवू नका, चारी बाजूंनी चौकटीसारखा बाहेर ठेवा.

भाग ३: टाका

स्वच्छ झाडलेल्या फरशीवर खालचा पदर उलटा पसरा, म्हणजे सुलट बाजू जमिनीकडं. त्यावर मधले तीन पदर. सगळ्यात वर वरचा पदर सुलटा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. प्रत्येक पदर घातला की हातानं मधून कडेकडं सुरकुती काढा.

मग कच्चा टाका. मध्यापासून सुरुवात करून बाहेर जा, वीत-वीतभर अंतरावर लांब टाके घाला. कडेपासून आत आलं तर सगळी सुरकुती मध्ये जमा होते आणि पोटाला फुगा येतो. कच्च्या टाक्यात अर्धा तास वाचवला की पक्क्या टाक्यात दोन दिवस जातात, हे लक्षात ठेवा.

ओळी सरळ येण्यासाठी गवंडी दोरी मारतात तशी दोरी मारा. दोऱ्याला खडूची भुकटी चोळा, दोघींनी दोन टोकं ताणून धरा, मधून उचलून सोडा. सरळ रेघ उमटते आणि धुतल्यावर जाते.

पक्का टाका धावदोऱ्याचा. सुती जाड दोरा घ्या, मेणावरून एकदा ओढा म्हणजे गुंतत नाही. दोरा हातापेक्षा लांब घेऊ नका. गाठ वरच्या पदराखाली ओढून लपवा. सुई पाचही पदरांतून खाली गेली पाहिजे; खालून बोट लावून खात्री करा. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. विकायच्या गोधडीला एका इंचात निदान तीन टाके आणि दोन ओळींत एक इंचापेक्षा जास्त अंतर नको. काही जणी सरळ ओळी घालतात, काही जणी कडेनं सुरू करून चौकोनात फिरत आत येतात. दोन्ही चांगलं, पण एका गोधडीत एकच पद्धत ठेवा.

दोघी-तिघी मिळून शिवत असाल तर प्रत्येकीचा टाका वेगळा असतो हे मान्य करा. एकीनं डावा अर्धा, दुसरीनं उजवा अर्धा असं न करता ओळीआड ओळ वाटून घ्या. मग फरक उठून दिसत नाही.

शेवटी कडेला गोट लावा आणि कोपऱ्यांवर दुहेरी कापड घ्या, कारण गोधडी पहिल्यांदा कोपऱ्यात फाटते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका आपल्या कौदीच्या कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोणी ‘फूल’ शिवतात. त्यांच्या लेखी फुलांशिवाय कौदी पुरी होत नाही. बाळाच्या दुपट्याला मणी, टिकल्या, बटणं अजिबात लावू नका. बाळ तोंडात घालतं.

एक तास झाला की उठा, मान-पाठ मोकळी करा. शिवण उजेडातच करा. रात्री दिव्याखाली शिवून पूर्ण केलेल्या ऑर्डरपेक्षा डोळे महाग आहेत.

भाग ४: मोल

आता खरा पाठ. एका गोधडीत किती टाके? ६० ओळी, प्रत्येक ओळ ९० इंचांची, इंचाला तीन टाके: १६,२०० टाके. दुहेरी दोरा धरला तर ३०० मीटरच्या पुढं दोरा लागतो. हे सगळं हातानं.

वेळ काढायची सोपी रीत आहे. घड्याळ लावून एक ओळ शिवा. समजा २० मिनिटं लागली. ६० ओळींना २० तास. धुणं, कापणं, कच्चा टाका, गोट याला सहा तास धरा. एकूण २६ तास. आता किंमत काढू. खालचे दर उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे दर घालून तुम्ही पुन्हा मांडा.

जुन्या साड्या ३, प्रत्येकी ८० रुपये: २४०
दोरा, मेण, साबण: १००
मजुरी २६ तास, तासाला ५० रुपये: १,३००
गाडीभाडं, पिशवी, स्टॉलचा वाटा: ११०
एकूण: १,७५०
गटाचा वाटा १० टक्के: १७५
विक्रीची किंमत: १,९२५ रुपये

गिऱ्हाइकाच्या साड्या असतील तर २४० वजा करून गटाच्या वाट्यासह १,६६१ रुपये होतात.

आता हीच गोधडी “जाऊ द्या, ७०० ला घ्या” म्हणून दिली तर? ७०० मधून सामानाचे ३४० आणि इतर ११० गेले. उरले २५० रुपये. ते २६ तासांत वाटा. तासाला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत! दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला गेलो तर आपण या दरात जाऊ का? आपल्या तालुक्यातल्या कितीतरी लेकी-सुना चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जातात. तिथं तासाची हजेरी लागते आणि तासाचे पैसे मिळतात. मग घरी बसून सुई धरली की तास फुकट कसा होतो? “रिकाम्या वेळात केलं” हे वाक्य आपण आपल्या तोंडून काढायचं बंद केलं पाहिजे.

गिऱ्हाईक घासाघीस करणारच. तिच्यावर रागवायचं नाही. असं बोलता येईल:

“अहो मावशी, एवढ्यात दुकानात दोन ब्लँकेटं येतात.”

“येतात की ताई. ती मशीनवर होतात. ही हाताची आहे, पाच पदर, सोळा हजार टाके. हात लावून बघा. सगळी सुती आहे, घरी धुता येते, आणि उसवली तर वर्षभर मी फुकट दुरुस्त करून देईन.”

“थोडं कमी करा ना.”

“किमतीत कमी होत नाही ताई. तुमचं बजेट कमी असेल तर हे दुपटं बघा, किंवा तीन पदरांची गोधडी करून देते.”

काम कमी करून किंमत कमी करायची. काम तेवढंच ठेवून नाही. आणि खोटं बोलायचं नाही. मशीनवर शिवलं असेल तर तसं सांगा, आत टेरिकॉट असेल तर तेही सांगा. मशीनच्या गोधडीला कमीपणा नाही, फक्त तिची किंमत वेगळी.

जगात असं काम करणाऱ्या आपण एकट्या नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या बायका जुन्या कापडाच्या ‘सुजनी’वर आपल्या आयुष्याच्या गोष्टी शिवतात, हुंडा आणि मुलींचं शिक्षणसुद्धा. बंगालमध्ये ‘कांथा’ आहे. आणि अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या स्त्रिया, ज्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते, शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या शहरांत विकल्या. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण पुढं २००७ मध्ये तिथल्या काही बायकांना आपल्या कामाचे आणि नक्षीचे पैसे नीट मिळाले नाहीत म्हणून कोर्टात जावं लागलं. नाव झालं म्हणजे दाम मिळालं असं होत नाही. दाम ठरवून, लिहून घ्यावं लागतं.

लिहून ठेवायचं ते

पंचसूत्रीतलं ‘अचूक लेखे’ इथंही लागू आहे. गटासाठी एक गोधडी-वही करा. प्रत्येक गोधडीला नंबर द्या आणि कापड, तास, खर्च, किंमत, कुणी शिवली, पैसे कधी मिळाले हे लिहा.

गिऱ्हाइकाच्या साड्या घेताना दोन प्रतींत पावती करा. त्यात हे असू द्या: साड्या किती, रंग कोणता, आधीच फाटलेलं किंवा डागाळलेलं कुठं आहे, कोणता काठ वर दिसायला हवा, माप, किंमत, आगाऊ रक्कम आणि द्यायची तारीख. साड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. कात्री लावण्याआधी बेत दाखवून होकार घ्या. आणि उरलेला एकेक तुकडा, अगदी चिंधीसुद्धा, पिशवीत घालून परत द्या. एखाद्या बाईच्या आईचं ते शेवटचं लुगडं असेल. आपल्याला चिंधी दिसते, तिला तशी दिसत नाही. वेगवेगळ्या घरच्या साड्या एका ठिकाणी ठेवू नका, प्रत्येकीची पिशवी वेगळी आणि नावाची चिठ्ठी आत.

विक्रीसाठी सुरुवात जवळून करा: ओळखीच्या सोसायट्या, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर. पाच गोधड्या विकून हिशेब जमला की प्रभागसंघातून ‘उमेद’च्या प्रदर्शनांची चौकशी करा. मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ भरतं, पुण्यात ‘भीमथडी जत्रा’ भरते. मशीनसाठी कर्ज काढायची घाई नको. आधी मागणी, मग मशीन.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. प्रत्येकीनं घरातून एक जुनं सुती लुगडं किंवा साडी आणावी. चारही तपासण्या सगळ्यांनी मिळून कराव्यात.

२. घड्याळ लावून प्रत्येकीनं हातभर ओळ शिवावी. वेळ वहीत लिहावा. जिचा टाका सगळ्यात सारखा येतो तिच्याकडून बाकीच्यांनी शिकावं, मग ती वयानं लहान असली तरी.

३. आपल्या गावच्या मजुरीनं एका गोधडीची किंमत मांडावी आणि सगळ्यांनी मिळून एक किंमत ठरवावी. त्याखाली गटातल्या कुणीही विकायची नाही. एकीनं उतरवली की सगळ्यांची उतरते.

४. गटात साठ-सत्तर वर्षांच्या आजी असतील तर त्यांना मानानं बोलवा. कोणत्या कापडाला कोणता टाका, कोपरा कसा वळवायचा, हे त्यांच्या हातात आहे. त्यांच्या शिकवण्याचे तासही वहीत लिहा आणि त्याचे पैसे द्या.

जुनं कापड आपल्याला फुकट मिळेल, पण त्यावर घातलेला टाका फुकट नाही. हे आधी आपल्याला पटलं, तर गिऱ्हाइकालाही पटवता येईल.